मॅक्स कोणाचा? : एका पुनरागमनाचे प्रेक्षक

२०१५ हे हॉलिवूडच्या जुन्या मालिकांच्या पुनरागमनाचे वर्ष होते. जूनमध्ये ‘जुरासिक वर्ल्ड’ आला, जुलैत ‘टर्मिनेटर’चा नवा भाग, नोव्हेंबरमध्ये ‘रॉकी’ची परंपरा चालवणारा ‘क्रीड’ आणि डिसेंबरमध्ये ‘स्टार वॉर्स’चा सातवा भाग. या सगळ्यांच्या आधी, मे महिन्यात, ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ प्रदर्शित झाला. आधीच्या भागानंतर तब्बल तीस वर्षांनी. जूनपासून आलेल्या चारही चित्रपटांचे दिग्दर्शन नव्या माणसांकडे होते. ‘फ्युरी रोड’ मात्र ज्याने १९७९ साली ही मालिका सुरू केली त्या जॉर्ज मिलरनेच, वयाच्या सत्तरीत, पडद्यावर आणला.

समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. दहा ऑस्कर नामांकने आणि त्यांपैकी सहा पुरस्कार मिळाले. बीबीसीने २०१६ मध्ये जगभरच्या १७७ समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी करून घेतली, तीत तो एकोणिसावा आला. प्रेक्षकांचा कौल इतका एकमुखी नव्हता. अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी घेण्याची ‘सिनेमास्कोर’ नावाची पद्धत आहे. तीत ‘जुरासिक वर्ल्ड’ला ‘ए’ मिळाली, ‘फ्युरी रोड’ला ‘बी प्लस’. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ‘पिच परफेक्ट २’ या हलक्याफुलक्या गाण्यांच्या चित्रपटाने त्याला गल्ल्यावर मागे टाकले. जगभरची त्याची कमाई सुमारे ३८ कोटी डॉलर झाली, ‘जुरासिक वर्ल्ड’ची १६० कोटींच्या वर गेली.

आकडे एवढेच सांगतात की मतभेद होता. तो कशाबद्दल होता, हे मला शोधावेसे वाटले. गेल्या काही वर्षांत या चित्रपटावरच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मी वाचत आणि ऐकत आले आहे. त्यांत तीन तक्रारी पुन्हापुन्हा येतात : याला कथाच नाही, मॅक्सला त्याच्याच चित्रपटात बाजूला सारले आहे, आणि हा आमचा मॅक्स नव्हे. या तिन्ही तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. जुनी मालिका परत येते तेव्हा प्रेक्षक नेमके काय परत मागत असतो?

पूर्वपीठिका

मिलर मूळचा डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात अपघातग्रस्तांवर उपचार करताना रस्त्यावरच्या मृत्यूचे जे रूप त्याने पाहिले, ते पहिल्या चित्रपटात उतरले. दुसरा धागा १९७३च्या तेलसंकटाचा. पेट्रोलसाठी ऑस्ट्रेलियन माणसे किती झटकन हातघाईवर येतात, हे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड यांनी टिपले होते. निर्माता बायरन केनेडीसोबत अगदी तुटपुंज्या पैशांत केलेल्या या चित्रपटाने जगभर दहा कोटी डॉलरहून अधिक कमावले. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक नफ्याचा चित्रपट म्हणून त्याचे नाव कित्येक वर्षे गिनेस बुकात होते. अमेरिकेत तो आला तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चार कळणार नाहीत म्हणून पात्रांना अमेरिकन आवाज दिले गेले. १९८१ मध्ये दुसरा भाग आला आणि १९८५ मध्ये तिसरा.

मिलरने मुलाखतींमधून सांगितलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. पहिला चित्रपट देशोदेशी पोचला तेव्हा जपानी प्रेक्षकांना मॅक्समध्ये धनी नसलेला सामुराई दिसला, फ्रेंचांना तो चाकांवरचा ‘वेस्टर्न’ वाटला, आणि स्कँडिनेव्हियात कोणी त्याला एकटा फिरणारा व्हायकिंग म्हणाले. म्हणजे मॅक्स प्रथमपासूनच पाहणाऱ्याच्या मालकीचा झाला होता. ज्याने त्याने आपापल्या पुराणातला माणूस त्याच्यात ओळखला. अशा नायकाला तीस वर्षांनी परत आणले, तर ज्याचा त्याचा मॅक्स वेगळा असणार आणि भांडण ठरलेलेच.

‘कथाच नाही’

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. दोन तास नुसता पाठलाग : आधी जायचे, मग वळून परत यायचे. वर्णन म्हणून हे खरेच आहे. इमॉर्टन जो नावाच्या हुकूमशहाच्या पाच बायकांना घेऊन त्याची सेनानी फ्युरिओसा पळते, तिला जिथे पोचायचे असते ती हिरवी भूमी दलदल होऊन गेली आहे असे कळते, आणि मग सगळे मागे फिरतात. कथानक पोस्टकार्डावर मावेल.

पण कथानक थोडे असणे म्हणजे कथा नसणे नव्हे. मॅक्सच्या शरीरातून निघणाऱ्या एका नळीचे पाहा. सुरुवातीला त्याला पकडून जिवंत रक्तपिशवी बनवतात. नक्स नावाच्या आजारी पोराला रक्त मिळत राहावे म्हणून गाडीच्या पुढे बांधून युद्धावर नेतात. शेवटी फ्युरिओसा मरणाच्या दारात असताना तोच मॅक्स आपण होऊन तिला नळीतून रक्त देतो आणि तेव्हाच पहिल्यांदा आपले नाव सांगतो. ओरबाडून घेतलेले रक्त आणि स्वेच्छेने दिलेले रक्त, या दोन प्रसंगांच्या मधले अंतर हीच मॅक्सची कथा. ती संवादात न सांगता वस्तूत ठेवली आहे.

दुसरा प्रसंग रात्रीच्या दलदलीतला. पाठलागावरच्या शत्रूवर मॅक्स दोनदा नेम चुकवतो. एकच गोळी उरते. तो काही न बोलता बंदूक फ्युरिओसाकडे देतो आणि ती त्याच्या खांद्याचा टेकू घेऊन नेम साधते. विश्वास कसा निर्माण झाला यावर दुसऱ्या एखाद्या चित्रपटाने पाच मिनिटांचे संभाषण घातले असते.

ही पद्धत मिलरने मूकपटांकडून घेतली. संवाद समजले नाहीत तरी चित्रपट समजला पाहिजे, ही त्याची जुनी धारणा आहे. पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार रेखाचित्रे आधी तयार झाली. नामिबियाच्या वाळवंटात चित्रीकरण होऊन जमलेल्या सुमारे ४८० तासांच्या सामग्रीतून संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी दोन तास घडवले. त्यांत सुमारे २७०० तुकडे आहेत, म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांना एक. एवढ्या वेगात डोळा भरकटू नये म्हणून प्रत्येक दृश्यातली महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यभागी ठेवली. त्यामुळे गोंधळ वाटत नाही. पण या वेगात वस्तूंकडे लक्ष न गेलेल्या प्रेक्षकाच्या हाती फक्त पाठलाग उरतो, हेही मान्य केले पाहिजे.

‘मॅक्स बाजूला पडला’

ही तक्रार चित्रपट पाहण्याआधीच सुरू झाली. पुरुषांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या एका गटातून, नायकाच्या नावाखाली स्त्रीवाद विकला जात आहे असे म्हणत बहिष्काराची हाक दिली गेली. दुसऱ्या टोकाला काही स्त्रीवादी समीक्षकांनी उलट आक्षेप घेतला : बायकांच्या हाती बंदुका आणि गाड्यांची चाके देऊन हिंसेचा तोच जुना खेळ खेळणे म्हणजे मुक्ती नव्हे. दुसरा आक्षेप मला विचार करण्याजोगा वाटतो. पहिल्याचे उत्तर मात्र मालिकेतच आहे.

दुसऱ्या भागाचे निवेदन एक म्हातारा करतो. लहानपणी तो मॅक्सला भेटलेला रानटी मुलगा होता, हे शेवटी उलगडते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस ओसाड सिडनीत एक तरुणी मुलांना मॅक्सची गोष्ट सांगताना दिसते. वसाहत वाचते ती इतरांची आणि भविष्य घडते तेही इतरांचे. चारही चित्रपटांच्या शेवटी मॅक्स एकटाच निघून जातो. म्हणजे दुसऱ्या भागापासूनच तो दुसऱ्यांच्या इतिहासातला वाटसरू आहे. ‘फ्युरी रोड’ने ही स्थिती झाकायचे सोडून दिले, इतकेच. मॅक्सला केंद्रस्थान होते ते पडद्यापेक्षा प्रेक्षकांच्या आठवणीत.

‘हा आमचा मॅक्स नव्हे’

मराठी वाचकाला ही तक्रार समजवून सांगायला नको. जुने नाटक नव्या संचात आले की मध्यंतरातल्या चहाबरोबर आपण काय बोलतो? अप्पा बेलवलकर लागूंचे की दत्ता भटांचे, यावर घराघरांत वाद झाले आहेत. मेल गिब्सनच्या जागी टॉम हार्डी आल्यावर तेच झाले.

त्यात कालक्रमाचीही भर पडली. पहिल्या भागात मॅक्सचा तान्हा मुलगा जातो. इथे त्याला एक मोठी मुलगी भासांत दिसते. जग कोसळण्याआधी पोलीस असलेला माणूस इतक्या वर्षांनी एवढा तरुण कसा? काही चाहत्यांनी तर हार्डीचा मॅक्स म्हणजे दुसऱ्या भागातला तो रानटी मुलगाच, अशी उपपत्ती मांडली. ती टिकणारी नाही, पण तिच्यामागची तहान खरी आहे : आपल्या आठवणीला नव्या चित्रपटात जागा मिळावी.

मिलरने ती जागा हिशेबाने दिली नाही. मॅक्सकडे तो आख्यानातल्या नायकासारखा पाहतो. कीर्तनकार दरवेळी हरिश्चंद्र नव्याने उभा करतो. तेव्हा मागच्या वर्षीच्या तपशिलाशी तो जुळतो का, असे कोणी विचारत नाही.

तरीही जुन्या प्रेक्षकांच्या म्हणण्यात एक सत्य आहे आणि ते मी डावलणार नाही. १९७९च्या चित्रपटात जग अजून पुरते बुडालेले नव्हते. डांबरी रस्ते, पोलीस ठाणे, रुग्णालय, सुट्टीवर निघालेले कुटुंब, सगळे आपल्यासारखेच, फक्त शिवण उसवू लागलेले. ती भीती शेजारची होती. ‘फ्युरी रोड’चे जग कवट्या, मुखवटे आणि ज्वाळा फेकणारी गिटार यांनी इतके सजले आहे की आपण ते प्रदर्शनासारखे पाहतो. भव्यता वाढली आणि जवळीक कमी झाली.

एका प्रसंगी मात्र ती परत येते. इमॉर्टन जो कड्यावरून क्षणभर पाणी सोडतो, खाली तहानलेली माणसे भांडी घेऊन धावतात, आणि तो पाणी बंद करून त्यांना पाण्याची चटक लावून घेऊ नका असे बजावतो. चित्रपट आल्यावर वर्षही झाले नव्हते तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यानंतर हा प्रसंग मी पुन्हा पाहिला आणि तो दूरच्या ग्रहावरचा वाटला नाही. पाणी कोणाच्या हातात, हा प्रश्न मुखवट्याशिवायही विचारता येतो.

मागणी आणि पसंती

कथा हवी, पूर्वेतिहास हवा, असे म्हणणाऱ्यांना २०२४ मध्ये उत्तर मिळाले. ‘फ्युरिओसा’मध्ये मिलरने तिच्या आयुष्याची सुमारे पंधरा वर्षे पाच प्रकरणांत सविस्तर सांगितली. कथानक भरपूर होते आणि कारणपरंपराही स्पष्ट होती. चित्रपटाची कमाई सुमारे १७ कोटी डॉलरवर थांबली, खर्चही जवळपास तेवढाच होता. त्याच्या अपयशाला इतर कारणेही असतील. पण आता तक्रार अशी होती की हा ‘फ्युरी रोड’सारखा वेगवान नाही. नऊ वर्षांपूर्वी ज्याला कथा नाही म्हटले गेले, तोच मापदंड होऊन बसला होता.

यावरून प्रेक्षक लहरी असतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पुनरागमनाकडून आपण चित्रपट मागतो असे आपल्याला वाटते, पण बऱ्याचदा तो प्रथम पाहिला तेव्हाचे आपले वय मागत असतो. ते कोणताही दिग्दर्शक देऊ शकत नाही. ‘जुरासिक वर्ल्ड’ने आणि ‘स्टार वॉर्स’ने ओळखीच्या खुणा पुढे करून ते दिल्याचा भास निर्माण केला आणि त्यांना त्याची भरघोस किंमतही मिळाली. मिलरने ओळखीची गाडी पहिल्या काही मिनिटांतच उलटवली, नायकाच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली आणि म्हटले, पुढे पाहा.

ज्यांना ते आवडले नाही त्यांची आठवण खोटी नव्हती. मात्र आजचे पंधरा-सोळा वर्षांचे प्रेक्षक मॅक्सला ‘फ्युरी रोड’मध्येच पहिल्यांदा भेटतात. तीस वर्षांनी कोणी ही मालिका पुन्हा उभी केली, तर हा आमचा मॅक्स नव्हे असे तेच म्हणतील, आणि त्यांच्या मनातला मॅक्स टॉम हार्डी असेल.