कपाटातलं लायसन्स

माझं ड्रायव्हिंग लायसन्स सतरा वर्षं कपाटात पडून होतं, निकाहनामा आणि बी.एड.च्या गुणपत्रिकेच्या शेजारी. कुणी ओळखपत्र मागितलं की ते बाहेर यायचं. गाडी चालवायला मात्र कधीच नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री अम्मींना दम लागला. यजमान कामानिमित्त मुंबईत, दोघे भाऊ आखातात. दारात कार, खुंटीला किल्ली, आणि मी फोनवर फोन लावत होते. रिक्षावाला उचलेना. शेवटी शेजारचा मुलगा झोपेतून उठून आला आणि त्यानेच गाडी चिपळूणला नेली. अल्लाहच्या कृपेने अम्मी बऱ्या झाल्या. पण तो वाया गेलेला अर्धा तास माझ्या मनातून जाईना.

अब्बांनी आयुष्यभर मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक चालवला. आता नजर अधू झाल्याने गाडी सुटली आहे. दुसऱ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मुलग्यांना शिकवलं, बेटा. तुला शिकवायचं राहून गेलं."

शिकले, पण कुणाच्या पायांनी?

लायसन्स काढताना मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले होते. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. सुरक्षेसाठी ते हवेतच. पण आमचे मास्तर सगळं स्वतःच दाबायचे, मी फक्त स्टिअरिंग धरायची. चाचणीलाही तीच गाडी होती. नंतर घरची गाडी एकटीने काढली, तर ती तीन उचक्या देऊन भर नाक्यावर बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. त्या दिवशी किल्ली खुंटीला टांगली ती टांगलीच. वर्गात मी मुलांना सांगते, शेजारच्याचं उत्तर उतरवू नका. मी मात्र अख्खा पेपर उतरवला होता!

दोन थाळ्यांचा धडा

अब्बांनी पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू दिली नाही. स्वयंपाकघरातून दोन थाळ्या मागवल्या. एक फिरवत ठेवली आणि दुसरी हळूच तिला टेकवली. आधी दोन्ही घासल्या, मग दुसरीही फिरू लागली.

क्लच म्हणजे हेच. गाडी उभी असली तरी इंजिन फिरत असतं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरपेटी वेगळी होतात, सोडला की जोडली जातात. एकदम सोडला तर उभ्या चाकांचं ओझं इंजिनवर अचानक पडतं आणि ते बंद पडतं. हळू सोडला तर थाळ्या क्षणभर घासून मग एकजीव होतात. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. पण घासणं जितकं जास्त, तितकी प्लेट तापते आणि झिजते. म्हणून गाडी चालू असताना क्लचवर पाय टेकवून ठेवू नये, आणि सिग्नलला न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा.

फजरनंतर आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात जायचो. पहिले चार दिवस अॅक्सिलरेटरला पाय लावायची मनाई. पहिला गिअर टाकायचा आणि नुसता क्लच सोडत गाडी मुंगीच्या पावलाने पुढे न्यायची. पन्नासेक वेळा गाडी बंद पडली असेल. अब्बा एकदाही ओरडले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायचे.

कान उघडे ठेवा

पाचव्या दिवशी त्यांनी मीटरकडे बघायचं बंद करायला लावलं. इंजिन गुरगुरत ओरडायला लागलं की वरचा गिअर, धापा टाकत थरथरायला लागलं की खालचा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या तीन-साडेतीन फेऱ्यांतून गिअरपेटीबाहेर जेमतेम एक पडते. वेग कमी, पण ताकद मोठी. वरच्या गिअरला याच्या उलट.

अब्बा ज्या जुन्या ट्रकवर शिकले, त्यात गिअरचे वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय नव्हती. खालचा गिअर टाकायला क्लच दाबून आधी न्यूट्रल, क्लच सोडून एक्सिलरेटरचा झटका, पुन्हा क्लच, मग गिअर. हा डबल क्लच चुकला की गिअरपेटी दात खायची. आजच्या गाड्यांत हे लागत नाही, पण ऐकायची सवय लागतेच.

घाट

खरी परीक्षा परशुराम घाटात. अब्बांचा नियम: ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबलं तर ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणं हा भ्रम आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये ते इंजिन चालू ठेवायला जळत राहतं.

चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा. निघताना क्लच इतका सोडा की गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटेल, थोडा अॅक्सिलरेटर द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे सरकत नाही.

ऑटोमॅटिक घेतली तर?

मैत्रिणी विचारतात, आता हा खटाटोप कशाला? ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीचं लायसन्स दोन्हींना चालतं. पण अमिरातीत किंवा ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, तर त्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही. आणि अडीनडीला दारात जी गाडी उभी असेल, ती बहुधा गिअरचीच असते.

वय अठरा पूर्ण झालं की शिकाऊ लायसन्स काढता येतं. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. बहिणींनो, हा मधला काळ स्वतःच्या पायांनी शिकण्यात घालवा.

परवा अम्मींना तपासणीसाठी चिपळूणला मीच नेलं. अब्बा शेजारी होते. दुसऱ्याच्या गाडीत ते कधी डोळा लावत नाहीत, पाय सारखा ब्रेक शोधत असतो. घाट उतरताना मी दुसरा गिअर टाकला आणि काही बोलतील म्हणून वाट पाहिली. शेवटी हळूच पाहिलं, तर त्यांना झोप लागली होती.