बोलणारी चिप आणि ध्वनिविचार

प्रास्ताविक

या घटकात आपण वर्णांचे घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण आणि उच्चारस्थानानुसार होणारे वर्गीकरण अभ्यासले. हे वर्गीकरण व्याकरणापुरतेच उपयोगी आहे, असा आपला समज होऊ शकतो. प्रत्यक्षात, यंत्राला बोलते करताना अभियंत्यांनाही ध्वनीच्या याच भेदांचा विचार करावा लागला. त्याचे एक ठळक उदाहरण येथे पाहू.

1. एक बोलणारे खेळणे

अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने 1978 मध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणे बाजारात आणले. खेळणे इंग्रजी शब्द उच्चारी आणि मुलाने कळा दाबून त्याचे स्पेलिंग सांगावयाचे. त्यात ध्वनिफीत नव्हती. सिलिकॉनची एक चिप गणिती क्रिया करून आवाज निर्माण करीत असे. अंकीय संकेत प्रक्रियेच्या, म्हणजेच डीएसपीच्या, इतिहासात ही चिप महत्त्वाची मानली जाते.

2. काटकसरीची गरज

चिप घडवताना सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देतात, मास्कमधून प्रकाश टाकून आकृती उमटवतात, नको असलेला भाग कोरून काढतात आणि ठरावीक जागी अन्य मूलद्रव्याचे अणू मिसळतात. अशा आवर्तनांतून एका चकतीवर अनेक चिपा तयार होतात. चिपचे क्षेत्रफळ वाढले की चकतीवर त्या कमी मावतात आणि प्रत्येकीत दोष राहण्याची शक्यताही वाढते. म्हणून स्वस्त खेळण्यातील चिप लहान असणे आवश्यक होते.

स्मृतीचीही हीच अडचण होती. टेलिफोनच्या अंकीय पद्धतीत एका सेकंदाच्या बोलण्याचे 8000 नमुने घेतात. प्रत्येक नमुन्याला 8 बिट धरल्यास 64,000 बिट लागतात. या खेळण्याने ते काम सुमारे 1200 बिटांत भागवले.

3. ध्वनीऐवजी उच्चाराचे वर्णन

हे कसे साधले? रिचर्ड विगिन्स आणि लॅरी ब्रँटिंगहॅम यांनी रेषीय पूर्वानुमान पद्धतीचा अवलंब केला. तिच्यात ध्वनी जसाच्या तसा न साठवता उच्चाराचे वर्णन साठवतात. प्रत्येक अल्प कालखंडासाठी पुढील माहिती पुरते :

(अ) ध्वनी घोष आहे की अघोष? घोष असल्यास नियमित स्पंदने आणि त्यांची वारंवारता. अघोष असल्यास अनियमित खरखर.
(आ) ध्वनीची तीव्रता किती?
(इ) मुखविवराचा आकार कसा? हा आकार दहा गुणकांनी व्यक्त होतो.

यांतील पहिला मुद्दा आपल्या घोषत्वाशी, तर तिसरा उच्चारस्थानाशी निगडित आहे, हे आपल्या लक्षात येईल.

4. मराठीच्या दृष्टीने मर्यादा

‘पार’ आणि ‘बार’ यांतील भेद या चौकटीत मांडता येतो. ‘भार’मधील ‘भ’ मात्र घोषही आहे आणि महाप्राणही. त्याच्या उच्चारात स्वरतंत्रींचे कंपन आणि श्वासाची खरखर एकत्र येतात. ‘घोष किंवा अघोष’ अशा दोनच पर्यायांत तो नीट बसत नाही. घ, ध यांचीही तीच स्थिती आहे. मराठीसाठी अशी चिप रचावयाची, तर दोन्ही स्रोतांचे मिश्रण करण्याची सोय हवी. ती सोय चिपवर जागा घेणार. म्हणून ती का आवश्यक आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगता आले पाहिजे.

स्वाध्याय

‘कार, गार, घार’ हे शब्द सावकाश उच्चारा. प्रत्येकातील आद्य व्यंजनासाठी वरील (अ) या मुद्द्याचे उत्तर लिहा आणि कोणत्या व्यंजनाबाबत अडचण येते, ते सकारण स्पष्ट करा.