कोतवालाची वही

मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात शिरणाऱ्याला वाघ बघायचा असतो. याच गावाच्या आसपासच्या बारावी झालेल्या गोंड पोराला मात्र आजोबा शोधायचा असतो, तोही कागदावरचा. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता हवी. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा, त्यामुळे पडताळणी समितीपुढे त्याआधीच्या कागदाला खरे वजन असते. शाळेचा उंबरा न चढलेल्या घरात एवढा जुना कागद मिळाला तर बहुधा एकाच ठिकाणी मिळतो, कोतवाल बुकात. कुणी त्याला कोतवाल पंजी म्हणतात.

चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, तेव्हाची ही वही. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे पोलीस ठाण्यात कळवायचे काम कोतवालाचे. हा कोतवाल म्हणजे शहरातला अधिकारी नव्हे. तो गावचा राखणदार, बहुतेक ठिकाणी महार, आणि अनेकदा स्वतः निरक्षर. तो तोंडी सांगायचा, लिहायचा दुसराच कुणी. इंग्रज सरकारला यातून देवी-पटकीने किती माणसे दगावली ते हवे होते. वंशावळ जपायचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. जातीचा रकाना होता, म्हणून आज ही वही कामाची ठरली.

नोंदी मात्र कंजूष. बापाचे नाव, जात, गाव, तारीख, मुलगा की मुलगी. बाळाचे बारसे झालेले नसायचे, म्हणून त्याचे नाव बहुधा नसतेच. ‘सोमा वल्द बुधा, गोंड, मुलगा’ एवढ्यावर ओळ संपते. आता हा मुलगा म्हणजे आपलाच आजोबा, हे कसे ठरवायचे? सोमाला चार मुलगे असतील, गावात सोमा तीन असतील. मडावी, कुमरे, आत्राम ही आडनावे त्या ओळीत असतीलच असे नाही. मग शाळेचा दाखल-खारीज, जमिनीचा पी-1, अधिकार अभिलेख असे कागद एकमेकांना जोडत साखळी बांधायची. तहसिलीच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढायची, ती पानांचा भुगा झालेला नसेल तर. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावे गाभा क्षेत्रातून उठली. तिथल्या कुटुंबांना जुनी नोंद जुन्या गावाच्याच नावाने धुंडाळावी लागते.

मेफ्लॉवर जहाजातून 1620 साली अमेरिकेत उतरलेल्या प्रवाशांच्या वंशजांची तिकडे 1897 पासून संस्था आहे. सभासद व्हायचे तर तीही प्रत्येक पिढीचा दुवा कागदाने सिद्ध करायला लावते. पण तिथे दुवा तुटला तर फार तर मिरवायचे राहते. इथे पोराची जागा जाते.

त्यातही चांद्याच्या गोंडांची एक जुनी गोची आहे. 1976 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत या जिल्ह्यात गोंड अनुसूचित जमात होते ते गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलींपुरते. बाकी जिल्ह्यातला, म्हणजे मोहर्लीकडचाही गोंड यादीबाहेर. दोन गावांत सोयरीक, देव एकच, आणि सरकारी हिशेबात एक आदिवासी, दुसरा नाही! क्षेत्रबंधन उठले, तेव्हा कुठे जुन्या नोंदीतल्या ‘गोंड’ या शब्दाला इकडे किंमत आली.

आदिवासी नसलेल्यांनाही पूर्वज शोधणे चुकलेले नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. जंगलाकाठच्या ढिवराने किंवा कुणब्याने त्या सालचा कागद आणायचा कुठून? या कायद्याचे नियम मात्र त्या मानाने समजूतदार आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ, दोन्ही पुरावे म्हणून चालतात.

जातवैधतेच्या कामात मात्र संशय आला की दक्षता पथक गावात येते. देव किती, लग्न कसे लावता, मयताचे काय करता, असे प्रश्न होतात. शहरात वाढलेल्या नातवाची तिथे बोबडी वळते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितले की ही आप्तभाव चाचणी म्हणजे काही अखेरची कसोटी नव्हे. निकाल रास्तच आहे, पण त्याने जुन्या कागदाचा भाव आणखी वाढवला.

कागद नव्हता तेव्हाही गोंडांची वंशावळ होतीच. ती परधानाच्या तोंडी असे. तो बाना वाजवत यजमानाच्या दारी यायचा, देवांची आणि कुळांची गाथा गायचा. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने अशी लिंगोची कथा उतरवून घेतली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1866 साली छापली गेली. परधान हीदेखील राज्याच्या यादीतली वेगळी जमात. यजमानाच्या पिढ्या तोंडपाठ असलेल्या त्या गायकाच्या नातवालाही आज वैधतेसाठी कोतवाल बुकाची नक्कलच जोडावी लागते.