डब्यामागचा नॉब

गेल्या दिवाळीत माझी भाची घरी आली ती खांद्याला पाच तारांची बास लटकवूनच. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. फराळाची ताटली हातात घ्यायच्या आधी तिने विचारलं, "मामा, दोन डबे बघून आलेय. दोन्ही सेकंडहँड, किंमत जवळपास सारखी. एकात १५ इंची एकच स्पीकर आहे. दुसऱ्यात १० इंची दोन, आणि वर छोटा ट्वीटर. कुठला घेऊ?"

"अंगठ्याने वाजवतेस?"

"म्हणजे काय! निम्मी गाणी स्लॅपचीच आहेत."

"आणि तारा?"

"राउंडवाउंड. गेल्याच महिन्यात नव्या घातल्यात."

उत्तर तिथल्या तिथे देता आलं असतं, पण दिलं नाही. पुण्यात ऑर्केस्ट्रात बास वाजवायला लागून मला ३१ वर्षं झाली. त्यातली पहिली १२ मी ट्वीटर नसलेल्या १५ इंची डब्यावर काढली आणि त्या डब्यावर माझा अजून जीव आहे. त्याने मला काय दिलं आणि माझ्यापासून काय लपवलं, हे तिला नुसतं सांगून कळलं नसतं. "रविवारी दोन्ही डबे घरी आणायची परवानगी काढ," म्हटलं. "ऐकून ठरवू."

ज्यांनी बास गिटार जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, ते वाद्यवृंदात बास करते. ती गाण्याच्या पायाशी बसलेली असते आणि थांबली की गाणं एकदम पोकळ वाटतं. तिची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. पाच तारांच्या बासवर आणखी एक जाड तार असते, ती ३१ कंपनांची. गिटार स्वतः फारशी बोलत नाही. तिचा आवाज वायरने अँपमध्ये, तिथून डब्यात आणि डब्यातल्या स्पीकरमधून बाहेर येतो. डबा म्हणजे कॅबिनेट, पण आमच्यात कॅबिनेट कोणी म्हणत नाही.

आता २० पडद्यांच्या बासवरचा सर्वांत वरचा सूर घ्या. तो सुमारे ३११ कंपनांचा असतो. डब्यातला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मात्र बहुधा ३ ते ४ हजार कंपनांच्या पुढेच बोलायला लागतो. म्हणजे बासवर वाजवलेला एकही मूळ सूर ट्वीटरपर्यंत पोचत नाही. मग तो तिथे करतो काय?

हे समजायला तंबोरा आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत नेला की एका जागी तार एकदम खुलते आणि झणकारते. सूर तोच असतो, उंचीही तीच, पण त्याच्यावर उपस्वरांचा मोहोर येतो. जवारी लागली म्हणतात ती हीच. कोणतीही तार मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कितीतरी कंपनं सोडत असते. जवारी त्यांना पुढे आणते. बासची ४१ची तारही ८२, १२४, १६५ अशी चढत हजारोंपर्यंत जाते. आपण तो सूर ओळखतो तो बराचसा या वरच्या मंडळींमुळे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ कंपनं बाहेर पडतच नाहीत, तरी गाण्यातली बासची चाल आपल्याला ऐकू येते. कान उपस्वरांवरून मूळ सूर स्वतःच जुळवून घेतो.

सतारिये खुली जवारी आणि बंद जवारी म्हणतात. बासवर तोच फरक तारा करतात. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तिचा आवाज गोल, दबलेला, मऊ येतो. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते. ती नवी असताना खणखणते, बोट सरकलं तरी खरखर ऐकू येते. ही खणखण, नखाचा स्पर्श, अंगठा तारेवर आपटल्याचा ठोका, तार वर ओढून सोडल्यावर पडद्यावर बसणारी चापट, एवढाच माल ट्वीटरच्या वाट्याला येतो. तुमच्या तारेत आणि हातात तो नसेल, तर ट्वीटरकडे वाजवायला काही उरत नाही.

बास गिटारच्या इतिहासात पहिली तीसेक वर्षं ट्वीटर जवळजवळ नाहीच. लिओ फेंडरने प्रिसिजन बास आणली १९५१ साली. तेव्हा तारा फ्लॅटवाउंड आणि डबे नुसत्या मोठ्या स्पीकरचे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत ज्यांची बास आहे, ते जेम्स जेमर्सन क्लबांत अँपेगच्या बी-१५ वर वाजवत. त्यात १५ इंची एकच स्पीकर. तारा जाड फ्लॅटवाउंड, आणि तुटल्याशिवाय ते त्या बदलत नसत. याच अँपेगने १९६९ साली १० इंची आठ स्पीकरचा डबा काढला. आकाराने आणि वजनाने अवाढव्य, म्हणून त्याचं नाव पडलं फ्रिज. त्यातही ट्वीटर नव्हता. जॅको पास्टोरियस यांच्या बिनपडद्यांच्या बासवर राउंडवाउंड तारा असत आणि अँप होता अकूस्टिक ३६०, १८ इंची स्पीकरचा. ती घरघरती, गाणारी बास ट्वीटरशिवायची आहे. त्यामुळे ट्वीटर नसलेला डबा अपुरा, असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही.

गरज निर्माण केली ती तारांनी आणि अंगठ्याने. द हू बँडचे जॉन एन्टविसल यांच्यासोबत १९६६ साली रोटोसाऊंडने राउंडवाउंड तारा घडवल्या आणि बासला तार असल्याचं लोकांना ऐकू येऊ लागलं. इकडे कॅलिफोर्नियात लॅरी ग्रॅहम आईच्या छोट्या बँडमध्ये वाजवत. ड्रमर नाही, म्हणून त्यांनी बास ड्रमच्या जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या जागी ओढलेली तार वापरायला सुरुवात केली. स्लॅप म्हणतात तो प्रकार लोकांपुढे आला तो त्यांच्या हातून. १९८०च्या दशकापर्यंत स्लॅप जगभर पसरला होता. त्या दशकात एसडब्ल्यूआर या अमेरिकन कंपनीने १० इंची चार स्पीकर आणि जोडीला ट्वीटर असे डबे आणले, आणि पाहता पाहता ती रीत झाली.

आता माझी गोष्ट. माझ्या १५ इंची डब्याचा आवाज गादीसारखा. त्यावर मी जुनी हिंदी गाणी वाजवायचो. पुढे आमच्या ऑर्केस्ट्रात नव्या चालीची गाणी आली आणि मी राउंडवाउंड तारा घातल्या. स्टेजवर मला त्या तारा ऐकूच येईनात. मी अँपचा ट्रेबल वाढवला. तरी नाही, म्हणून आणखी वाढवला. एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात पहिल्या रांगेत बसलेला माझा जुना मित्र आत आला आणि म्हणाला, "अरे, तुझी बास पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजतेय."

कारण साधं होतं आणि मला ते १२ वर्षं कळलं नव्हतं. नाट्यगृहात प्रेक्षक माझा डबा ऐकत नसतात. माझ्या अँपच्या मागून एक लाइन साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाते आणि तिथून सभागृहाच्या मोठ्या स्पीकरना. त्या स्पीकरमध्ये वरच्या आवाजासाठी खास हॉर्न असतात. माझ्या अँपची लाइन ट्रेबलच्या नॉबनंतर निघत होती. माझ्या डब्याला वरचा आवाज काढताच येत नव्हता, म्हणून मी ट्रेबल वाढवत गेलो आणि तो सगळा ट्रेबल, माझ्या बोटांच्या प्रत्येक खरखरीसकट, समोरच्या आठशे लोकांच्या कानात गेला. मला एकट्याला तो ऐकू येत नव्हता.

त्या रात्रीपासून माझं मत पक्कं आहे. जिथे बास सभागृहाच्या यंत्रणेतून ऐकवली जाते, तिथे ट्वीटर लागतो तो वाजवणाऱ्याला. आपण पुढे काय पाठवतोय हे त्यामुळे कळतं. आता माझ्या डब्यात ट्वीटर आहे. तो आला त्या आठवड्यात मला माझ्या डाव्या हाताची सरकताना होणारी चिरचिर पहिल्यांदा ऐकू आली. बोट उचलून ठेवायचा रियाज मी पन्नाशीला टेकताना सुरू केला आणि माझं वाजवणं सुधारलं ते तेव्हापासून.

डब्याच्या अंगचीही एक अडचण असते. ४१ कंपनांची लाट आठ मीटरांहून लांब, ती खोलीभर पसरते. २ हजार कंपनांची लाट जेमतेम १७ सेंटिमीटर. स्पीकर लाटेहून मोठा झाला की आवाज पसरायचा थांबतो आणि टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. डबा जमिनीवर, आपण त्याच्यापासून दोन फुटांवर, आणि वरच्या आवाजाचा झोत आपल्या गुडघ्यांवर. ट्वीटर लहान असतो आणि त्याचा हॉर्न आवाज पसरवतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या कानाला तो मिळतो. मात्र ट्वीटर घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहा. डबा खुर्चीवर ठेवा, किंवा पुढच्या कडेखाली वीट सरकवून त्याचं तोंड वर करा. कित्येकांची तक्रार तेवढ्यानेच मिटते. माझ्या दोन शिष्यांची मिटली.

ट्वीटरचे त्रासही आहेत. अँपची, किंवा बासमध्ये बॅटरीवरचं सर्किट असेल तर त्याची, बारीक सूं सूं त्यातून ऐकू येते. छोट्या खोलीत रेकॉर्डिंगला ती नकोशी होते. आवाज मुद्दाम खरखरीत करणारा ओव्हरड्राइव्ह किंवा फझ लावणाऱ्यांनी तर ट्वीटर बंदच ठेवावा. मोठ्या स्पीकरचा कोन त्या खरखरीतला तिखटपणा आपोआप गाळतो. ट्वीटर तो जसाच्या तसा बाहेर टाकतो आणि बास फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडते. इलेक्ट्रिक गिटारच्या डब्यांत ट्वीटर नसतो तो याचसाठी.

शिवाय तो जळतो. मूळ सूर आत शिरू नयेत म्हणून त्याच्या वाटेत कपॅसिटर बसवलेला असतो. तो जाड आवाज अडवतो, बारीक सोडतो. पण अँप ताकदीबाहेर ओढला की लाटांचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून वरच्या कंपनांचा पूर येतो. ट्वीटरची ताकद मोठ्या स्पीकरच्या मानाने फारच थोडी. एका गणेशोत्सवात भाड्याच्या डब्याचा ट्वीटर दुसऱ्याच रात्री मुका झाला, कारण छोट्या अँपवर मांडव भरायचा आमचा हट्ट. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून नवा डायफ्रॅम आणून मी तो बदलला. जुन्याची कॉइल केसाएवढ्या तारेची होती आणि काळी पडली होती. सेकंडहँड डबा घेताना म्हणूनच ट्वीटरला कान लावून बघा. अर्धेअधिक विकणारे तो जिवंत आहे की नाही हे स्वतः तपासत नाहीत.

रविवारी दोन्ही डबे आले. भाचीला मी डब्याकडे पाठ करून उभं केलं आणि १० इंचीच्या मागच्या पॅनेलवरचा ट्वीटरचा नॉब स्वतःच्या हातात ठेवला. किती फिरवला हे तिला सांगायचं नाही, तिने फक्त वाजवायचं. पहिल्यांदा शून्यावर. तिने स्लॅपचा तुकडा वाजवला आणि म्हणाली, "हा १५ इंची आहे ना?" मी गप्प. मग पूर्ण उघडला. दोन आवर्तनांत तिने तोंड वाकडं केलं, "मामा, टोचतंय." मग थोडा थोडा मागे घेत गेलो. निम्म्याच्या जरा अलीकडे ती थांबली, तोच तुकडा पुन्हा वाजवला, आणि तिसऱ्या ठोक्याला स्वतःच म्हणाली, "इथे माझा अंगठा उशिरा पडतोय."

मग १५ इंचीवर वाजवलं. त्याची खालची तार अंगात शिरते, दारं थरथरतात, तिला तो फार आवडला. मलाही. पण त्यावर तोच उशिरा पडणारा अंगठा तिला ऐकू आला नाही.

ती फ्लॅटवाउंड लावून जुनी गाणी वाजवणारी असती, किंवा लहान हॉलमध्ये फक्त स्वतःच्या डब्यावर कार्यक्रम करणारी असती, तर मी तिला १५ इंची घ्यायला लावला असता आणि ट्वीटरचे पैसे तारांवर खर्च करायला सांगितलं असतं. तिच्यासाठी १० इंचीच योग्य होता. तो घेताना एकच अट घातली होती, की ट्वीटरला नॉब हवा आणि तो पूर्ण बंद होणारा हवा. काही डब्यांत नॉब नसतो. तिथे ट्वीटर कायम चालू राहतो, आणि तसा डबा मी कोणाला सुचवत नाही.

तुम्ही डबा घ्यायला जाल तेव्हा दुकानातली बास हातात घेऊ नका. स्वतःची बास न्या, तिच्यावर रोजच्याच तारा असू द्या, आणि पहिली दहा मिनिटं ट्वीटर बंद ठेवून वाजवा. काही हरवल्यासारखं वाटलं नाही, तर तुम्हाला त्याची गरज नाही.