उसनी रेषा आणि तिचा मालक

गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर बसणारे झाकण तयार करायचे आहे. हाऊसिंगच्या तोंडावर बोल्टची 6 भोके 120 मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर आहेत. जुना ड्राफ्ट्समन झाकणाच्या कागदावर हेच माप पुन्हा मांडत असे. गिऱ्हाईकाने 120 चे 130 केले, एक कागद दुरुस्त झाला आणि दुसरा राहून गेला, की झाकण बसत नाही. प्लेट वाया जाते, मशीनचा वेळ जातो आणि कित्येकदा गिऱ्हाईकही जाते. लहान वर्कशॉपला असा एक जॉब किती महाग पडतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

पॅरामेट्रिक कॅडमध्ये यावर उपाय आहे. फ्यूजन व इन्व्हेंटरमध्ये त्याला 'प्रोजेक्ट' म्हणतात, सॉलिडवर्क्समध्ये 'कन्व्हर्ट एंटिटीज', तर फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये 'एक्स्टर्नल जॉमेट्री'. झाकणाचे स्केच उघडायचे, हाऊसिंगची कड किंवा भोक निवडायचे, की त्याची सावली आपल्या स्केचवर सरळ पडते. फ्यूजनमध्ये ही रेषा जांभळी दिसते. तो रंग म्हणजे सूचनाच आहे: ही रेषा तुमची नाही, उसनी आहे. मूळ वर्तुळ 130 झाले की झाकणाची भोकेही आपोआप 130 वर जातात.

परंतु सावली ती सावलीच. ती स्केचच्या पृष्ठभागावर काटकोनात पडते. हॉपरची 100 मि.मी. लांबीची कड 30 अंशांत तिरपी असेल, तर आडव्या स्केचवर ती 86.6 मि.मी. भरते. तेच माप पत्रा कापणाऱ्याला दिले तर पत्रा सुमारे 13 मि.मी. आखूड पडणार. तिरप्या तोंडाचे गोल भोकही सावलीत लंबगोल होते. खरे माप हवे असेल तर त्या तिरप्या बाजूवरच स्केच उघडावे.

आता मुख्य गोष्ट. उसने कोणाकडून घ्यावे? नवशिके मुलगे माऊस नेतात आणि जी कड समोर दिसेल तिच्यावर क्लिक करतात. बहुधा ती फिलेटची, म्हणजे गोलाई दिलेल्या कोपऱ्याची कड असते. पुढे कोणी ती गोलाई काढून टाकली की कड नाहीशी होते आणि स्केचवर एरर येते. एरर आली तर नशीब समजा, कारण ती निदान दिसते. कधी कधी सॉफ्टवेअर कडांना नव्याने क्रमांक देते, उसनी रेषा भलत्याच कडेला जाऊन चिकटते आणि भोक गुपचूप सरकते. आमचाही एक जॉब असाच वाया गेला आहे. फ्रीकॅड या दोषासाठी विशेष बदनाम होते. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच आटोक्यात आला, पण मुळापासून गेला असे समजू नये.

म्हणून कडेऐवजी ज्या मूळ स्केचवरून ती वस्तू उभी राहिली, त्यातील रेषा घ्यावी. तेही जमत नसेल तर मूळ अक्ष व प्रतले आहेतच, ती कोणी पुसत नाही. गोलाई आणि चॅम्फर शेवटी द्यावेत. उसनवारी एकाच दिशेने असावी: झाकणाने हाऊसिंगकडून घेतले, तर हाऊसिंगने झाकणाकडून काही घेऊ नये. आणि लागेल तेवढेच घ्यावे. दोन भोकांसाठी अख्खी बाजू उचलून आणण्याची सवय आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो.

कधी नाते तोडणेही आवश्यक असते. डाय कापून झाली आहे आणि गिऱ्हाईक अजून मूळ भागात बदल करीतच आहे, अशा वेळी फ्यूजनमध्ये रेषेवर उजवे बटण दाबून 'ब्रेक लिंक' करावे. रेषा जागेवरच राहते, पण आता मोकळी असते. तिला लगेच मापे व बंधने द्यावीत, नाहीतर माऊसच्या एका धक्क्याने ती हलेल.