‘जुनी सातवी’ आणि आजची तिसरी

‘आमची जुनी सातवी म्हणजे आजचा पदवीधर’ हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. नातवाला सतराचा पाढा आडला, की आजोबांच्या तोंडून ते हमखास निघते. त्याला आधार नाही असे नाही. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शाळेत गुरुजी होऊ शकत असे. गावातली पत्रे आणि खरेदीखते वाचून दाखवण्याचा मानही त्याचाच असे.

त्याचा तोंडी हिशेब तर खरोखर थक्क करणारा होता. साडेतीन आणे शेर दराने अडीच शेर गुळाचे किती, असे विचारताच ‘पावणेनऊ आणे’ हे उत्तर कागदाला हात न लावता येई. कारण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्याच्या जिभेवर होती. मात्र ही पाठांतरे टिकली ती त्यांची रोज गरज होती म्हणून. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर: सारा व्यवहारच पाव, अर्धा आणि पाऊण यांचा होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले आणि अडीचकीची गरज सरली. नातवाला औटकी येत नाही हे त्याच्या बुद्धीचे नव्हे, काळाचे लक्षण आहे. (ती गेल्याचे मलाही वाईट वाटते. पण वाईट वाटणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे.)

खरा प्रश्न निराळाच आहे. त्या जुन्या सातवीच्या वर्गात बसले होते कोण?

१९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ९ टक्क्यांहूनही कमी. बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायती पट्ट्यातले लोणी भापकरसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत एखादे साल बुडाले, की पहिली गदा मुलाच्या शाळेवर येई. मुलीची शाळा तर बहुधा सुरूच होत नसे. त्यातूनही सातवीच्या पुढे जाणाऱ्याला महाविद्यालयासाठी पुण्याची वाट धरावी लागे, कारण बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले ते १९६२ मध्ये. एवढ्या चाळण्यांतून उरलेली मूठभर मुले हुशार असणारच. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे गेली. आज वर्गात शेतमजुराची, ऊसतोडणी करणाऱ्याची, मेंढपाळाची मुले बसतात, मुलीही बसतात. निवडक दाण्यांची तुलना अख्ख्या राशीशी केली, तर रास हलकीच दिसायची. जे तेव्हा शाळेत नव्हते, त्यांना काय येत होते हे आपण मोजलेच नाही. आपल्या घरातील आजी पुष्कळदा त्यांच्यापैकीच असतात.

जगभर पाहिले तर बुद्धिमापन चाचण्यांची कथा आपल्या समजुतीच्या उलट आहे. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत प्रत्येक दशकात सरासरी गुण सुमारे तीनने वाढत गेले. ही वाढ अखंड राहिली नाही. नॉर्वेमध्ये १९७५ नंतर जन्मलेल्या तरुणांचे गुण घसरू लागले. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात असे आढळले, की ही चढ-उतार एकाच घरातील सख्ख्या भावांमध्येही दिसते. म्हणजे दोष रक्ताचा नव्हे, परिस्थितीचा. आणि परिस्थिती बदलता येते.

मग ‘हल्लीची पोरे’ कमीच का वाटतात? कॅलिफोर्नियातील जॉन प्रॉट्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये याचा शोध घेतला. जी माणसे स्वतः भरपूर वाचलेली, त्यांनाच आजची मुले वाचत नाहीत असे अधिक वाटते. आपल्या अंगी आज जे आहे, ते बालपणीही असेच होते आणि भोवतालच्या सर्वांतच होते, असे मन गृहीत धरते. वर्गातले मागच्या बाकावरचे सवंगडी स्मरणातून गळतात.

याचा अर्थ सारे आलबेल आहे असा मुळीच नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर पोहोचले. वजाबाकी येणारी मुले याच तीन वर्षांत २८.२, २५.९ आणि ३३.७ टक्के होती. दोन वर्षांत इतकी सावरणारी मुले मंद कशी म्हणावीत? तरीही चारांतील जवळजवळ तिघांना वाचता येत नाही, ही चिंतेचीच बाब आहे. तिसरीत वाचन न आलेले मूल पुढे इतिहासात मागे पडते, विज्ञानातही पडते. त्यात घरी ‘तुमच्या पिढीला काही येत नाही’ हे ऐकले, की ते प्रयत्नच सोडते.

येथे घरातील ज्येष्ठांचे काम सुरू होते, आणि ते शाळेपेक्षा सोपे आहे. रोज पंधरा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावावे आणि आपण ऐकावे. मध्येच दुरुस्ती करू नये. वाक्य संपू द्यावे. मूल पुस्तक फार जवळ धरत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. हाक मारल्यावर वारंवार ‘काय?’ म्हणत असेल, तर कान. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या मुलाला सकाळी पाढा आठवला नाही, तर त्यात नवल नाही.

ऐकताना आपल्यालाच शब्द तुटक येत असतील, तर स्वतःचे कान तपासून घेणे टाळू नये. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो. बालपणीचे अपुरे शिक्षण हाही त्याच यादीत आहे. शाळा न मिळालेल्या आजींचे म्हणूनच दुहेरी नुकसान झाले. नातीबरोबर अक्षरे गिरवायला त्यांना संकोच वाटला, तर काळजीवाहकाने तो हळुवारपणे दूर करावा.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहानपणी घोकलेले पाढे, अभंग पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. सकाळी काय जेवलो ते न आठवणारे आजोबा निमकी मात्र सलग म्हणू शकतात. ती नातवासोबत म्हणू द्यावी. ‘सांगा बरं, हा कोण?’ अशी पाहुण्यांदेखत परीक्षा घेऊ नये. नातवालाही पाहुण्यांदेखत पाढा विचारू नये.

लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे, दगडी पुष्करणी आहे, यज्ञवराहाची देखणी मूर्ती आहे. अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी नातवंडांना न्यावे. पुष्करणीच्या एका बाजूला पायऱ्या किती, चारही बाजूंना मिळून किती, हा हिशेब त्यांनी करावा आणि आपण अडीचकीच्या चालीवर तो ताडून पाहावा. गुडघे दुखत असतील, तर वरच बसावे. मुलांबरोबर खाली उतरायला घरातले कोणी तरुण माणूस असावे.