दोषारोपपत्राआधीचा पीडित

भारतीय फौजदारी न्यायव्यवस्थेत गुन्हा हा संपूर्ण समाजाविरुद्ध घडलेला मानला जातो आणि म्हणून खटला शासन चालवते. ज्याच्यावर प्रत्यक्ष आघात झाला ती व्यक्ती किंवा तिचे वारस यांचे स्थान बहुतांशी साक्षीदाराचे उरते. या रचनेमागे सूडबुद्धीला आळा घालण्याचा योग्य हेतू आहे. परंतु तपासयंत्रणा किंवा सरकारी अभियोक्ता खटला न चालवण्याचे ठरवतात, तेव्हा पीडिताची बाजू मांडणारे कोणीच उरत नाही आणि या रचनेतील मोठी उणीव उघडी पडते.

महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जो अहवाल पाठवतात, त्याला व्यवहारात 'समरी' म्हणतात. गुन्हा खरा आहे पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा सापडला नाही, तर 'ए समरी'. तक्रार द्वेषाने केलेली आणि खोटी आहे असे पोलिसांचे मत झाले, तर 'बी समरी'. आणि तक्रार गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची आढळली, तर 'सी समरी' मागितली जाते. हा अहवाल म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, ही गोष्ट फार थोड्या फिर्यादींना ठाऊक असते. न्यायदंडाधिकारी तो स्वीकारू शकतात, अधिक तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा उपलब्ध सामग्रीवरून स्वतःच गुन्ह्याची दखल घेऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंत सिंग प्रकरणात असे ठरवले की, तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. मात्र जखमी व्यक्ती किंवा मृताचा नातेवाईक स्वतः फिर्यादी नसेल, तर त्याला नोटीस देणे त्या निकालाने बंधनकारक केले नाही. त्याला स्वतःहून हजर होऊन बोलता येईल, एवढेच मान्य केले. ज्याला अहवालाचा पत्ताच नाही त्याने हजर कसे व्हावे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला.

पीडित कोण, याची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने आली आणि तीत पालक व कायदेशीर वारस यांचाही समावेश झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या भेसळखोरांनी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. अशा गुन्ह्यात मृताचे कुटुंब कायद्याने पीडित ठरते ते या व्याख्येमुळे. परंतु ज्या कृत्याबद्दल आरोपीवर आरोप ठेवण्यात आला आहे, त्याच कृत्याशी ही व्याख्या बांधलेली होती. म्हणजे आरोपच ठेवला गेला नाही, तर पीडितपणही वादात सापडण्याची शक्यता होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही अट व्याख्येतून काढून टाकली. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी, तसेच सरकारी अभियोक्त्याने खटला मागे घेण्याची परवानगी मागितल्यास पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने ती देऊ नये, अशा तरतुदीही या संहितेत आहेत. ही दुरुस्ती अनेक वर्षे आधी व्हायला हवी होती.

पीडिताला बाजू मांडण्याची संधी मिळाल्याने काय साधते, हे मनमाडच्या शेजारच्या मालेगावने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात तेथे सहा जणांचा बळी गेला. मे २०१६ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुरवणी दोषारोपपत्रात या स्फोटातील आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर आणि अन्य काही जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले आणि ठाकूर यांच्या जामिनालाही हरकत घेतली नाही. तेव्हा एका मृताच्या पित्याने न्यायालयात हस्तक्षेप करून विरोध केला. विशेष न्यायालयाने त्या वेळी जामीन नाकारला. पुढे २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो दिला. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विशेष न्यायालयाने यंत्रणेचे मत बाजूस ठेवून ठाकूर यांच्यावर खटला चालेल असे ठरवले. ३१ जुलै २०२५ रोजी सर्व सातही आरोपी निर्दोष सुटले. बाजू मांडण्याचा अधिकार म्हणजे शिक्षेची हमी नव्हे आणि तो तसा असूही नये; मात्र खटला चालावा की नाही, हे यंत्रणेच्या एकटीच्या शब्दावर ठरले नाही, न्यायाधीशाने पुरावा तपासून ठरवले, ही बाब मोलाची आहे.

अमेरिकेत मात्र असा न्यायाधीश मध्ये नव्हता. २००७ साली फ्लोरिडातील संघीय अभियोक्त्यांनी अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेल्या जेफ्री एपस्टीन याच्याशी खटला न भरण्याचा करार केला आणि तो पीडित मुलींपासून लपवून ठेवला. २०१९ मध्ये एका न्यायाधीशाने त्यांच्या हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. तरी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने ठरवले की, आरोप दाखल होण्याआधी गुन्हेपीडितांच्या हक्कांविषयीच्या अमेरिकी कायद्याखाली पीडितांना स्वतंत्र दावा लावता येत नाही.

भारतीय पीडिताची स्थिती या बाबतीत अधिक बळकट आहे, पण नोटीस हाती पडली तरच. उदाहरणार्थ, मनमाड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. धावत्या गाडीत लुटला गेलेला प्रवासी दूरच्या गावी उतरून तक्रार देतो, ती गुन्ह्याच्या हद्दीतील ठाण्याकडे वर्ग होते, आणि काही महिन्यांनी निघालेली समरीची नोटीस जुन्या किंवा अपुऱ्या पत्त्यावर फिरत राहते. म्हणून तक्रार देताना पूर्ण पत्ता व चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा, प्रथम माहिती अहवालाची मोफत प्रत मागून घ्यावी आणि नोटीस मिळताच न्यायालयात लेखी हरकत द्यावी. वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० हा आहे.